फोर्ट ब्रॅग, फोर्ट लिबर्टी, पुन्हा फोर्ट ब्रॅग: लष्करी तळांची नावं बदलावीत का?

देवराई

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या फेएटव्हिलला लागून असलेल्या लष्करी तळाचं नाव दोन वर्षांच्या आत दोनदा बदललं. जून २०२३ मध्ये फोर्ट ब्रॅगचा फोर्ट लिबर्टी झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी सही केली आणि तो पुन्हा फोर्ट ब्रॅग झाला. मंडळाच्या गेल्या जेवणात यावरून चांगलीच जुंपली. शेवटी मुलांनी घरी चला म्हणून धोशा लावला आणि वाद अर्ध्यावर राहिला. तो इथे पुढे न्यावा म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सैन्याचे नऊ तळ असे होते, की त्यांना अमेरिकेच्याच सैन्याविरुद्ध लढलेल्या अधिकाऱ्यांची नावं होती: ब्रॅग, बेनिंग, गॉर्डन, हूड, ली, ए. पी. हिल, पिकेट, पोक आणि रकर. हे सगळे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरसीच्या बाजूने लढले. ती राज्यं फुटली गुलामगिरी टिकवण्यासाठी. हा मी काढलेला अर्थ नव्हे. हेन्री बेनिंग १८६१ मध्ये जॉर्जियाचा प्रतिनिधी म्हणून व्हर्जिनियात गेला आणि तिथल्या अधिवेशनात त्याने हेच कारण उघडपणे मांडलं.

ही नावं युद्ध संपल्यावर लगेच पडलेली नाहीत. दोन्ही महायुद्धांच्या वेळी, १९१७-१८ आणि १९४१-४२ मध्ये, घाईने छावण्या उभारायच्या होत्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांची मर्जी राखायची होती. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांना तेव्हा मतदानाचा हक्कही धड वापरता येत नव्हता. त्यांना कोण विचारणार?

२०२० च्या वंशभेदविरोधी आंदोलनानंतर संसदेने कायदा केला की ही नावं तीन वर्षांत काढा. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, तो दोन्ही सभागृहांनी मोडून काढला. निवृत्त ॲडमिरल मिशेल हॉवर्ड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. लोकांकडून ३४ हजारांवर सूचना आल्या आणि २०२३ मध्ये नऊही नावं बदलली.

आता ती परत आली आहेत, पण वेगळ्या वाटेने. कॉन्फेडरेट अधिकाऱ्याचं नाव द्यायला कायद्याची आडकाठी आहे, म्हणून त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधले. आमचा ब्रॅग आता जनरल ब्रॅक्स्टन ब्रॅग नाही, दुसऱ्या महायुद्धातला साधा शिपाई रोलंड ब्रॅग आहे.

माझं मत स्पष्ट आहे. २०२३ मध्ये बदललं ते योग्य होतं आणि आता आडनाव जुळवून जे केलं ते अयोग्य आहे. तुम्हाला काय वाटतं? अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपापल्या भागातला अनुभव जरूर लिहावा.

माळढोक

जागा धरून ठेवतो. सविस्तर रात्री.

शिलेदार_७५

मी स्थलांतरितांसाठीच्या भरती योजनेतून अमेरिकन सैन्यात गेलो. प्रशिक्षण फोर्ट बेनिंगला झालं, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

आमच्या प्लाटूनमध्ये हेन्री बेनिंग कोण होता हे एकालाही ठाऊक नव्हतं. कृष्णवर्णीय मुलं होती, मेक्सिकन मुलं होती, मी एकटा सांगलीचा. बेनिंग म्हणजे सँड हिलची लाल माती, पहाटेची धाव आणि पॅराशूटच्या शाळेचे ते अडीचशे फुटी तीन टॉवर. माझ्या मित्रांच्या शवपेट्या परत आल्या तेव्हा त्यांच्याबद्दल बोलतानाही आम्ही 'बेनिंगमध्ये भेटला होता' असंच म्हणालो. तिथे शंभर वर्षं जी माणसं घडली त्यांनी त्या नावाचा अर्थ बदलला आहे. हेन्री बेनिंगची मालकी त्यावर कधीच उरली नाही.

त्यामुळे २०२३ चा बदल मला नको होता. जुनं नाव परत आलं याचा आनंद आहे. आणि नवीन बेनिंग, म्हणजे फ्रेड बेनिंग, पहिल्या महायुद्धात डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला नेब्रास्काचा पोरगा आहे. पुढे आपल्या गावाचा महापौर झाला. अशा साध्या शिपायाचं नाव इतक्या मोठ्या तळाला मिळालं, यात वाईट काय आहे ते मला समजावून सांगा.

कर्दळ

@शिलेदार_७५, तुमच्या सेवेबद्दल मनापासून आदर. पण "कुणालाच ठाऊक नव्हतं" हे प्रत्येक तळाला लागू नाही. मी व्हर्जिनियात पीटर्सबर्गजवळ राहते. कॉन्फेडरसीचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचं नाव असलेल्या इथल्या फोर्ट लीबद्दल लिहिते.

आर्थर ग्रेग नावाचे कृष्णवर्णीय अधिकारी तरुणपणी या तळावर नेमणुकीला होते. त्या वेळी इथल्या ऑफिसर्स क्लबात त्यांना प्रवेश नव्हता. ट्रूमन यांनी १९४८ मध्ये सैन्यातली वर्णभेदाची विभागणी मोडायचा आदेश काढला होता, पण क्लबाच्या दारापर्यंत तो पोचला नव्हता. हाच माणूस पुढे लेफ्टनंट जनरल झाला आणि १९८१ मध्ये त्याच क्लबात त्यांचा निवृत्ती समारंभ झाला. २०२३ मध्ये तळाला ग्रेग-ॲडम्स नाव दिलं तेव्हा ते हयात होते, स्वतः समारंभाला बसले होते. त्या क्लबालाही त्यांचं नाव लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते गेले.

दुसरं नाव चॅरिटी ॲडम्स यांचं. १९४५ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांची ८५५ जणींची टपाल पलटण घेऊन त्या इंग्लंडात बर्मिंगहॅमला उतरल्या. गोदामात सैनिकांची लाखो पत्रं तुंबली होती. एकाच नावाचे शेकडो सैनिक, पत्त्यावर नुसतं टोपणनाव, खिडक्या काळ्या केलेल्या, गारठा. सहा महिन्यांचं काम म्हणून दिलेलं, त्यांनी तीन महिन्यांत, तीन पाळ्या लावून संपवलं. मालपुरवठा आणि रसद शिकवणाऱ्या तळाला याहून शोभणारं नाव कोणतं?

जून २०२५ मध्ये ते नाव काढलं. ग्रेग यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या शेजारच्या कृष्णवर्णीय आजींनी ती बातमी ऐकून टीव्ही बंद केला आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांना 'ली कोण' हे चांगलं ठाऊक होतं.

रानजाई

कर्दळताई, पण आताचा ली हा फिट्झ ली आहे ना? तो तर स्वतः कृष्णवर्णीय होता. १८९८ च्या क्यूबातल्या लढाईसाठी सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालेला. मग तक्रार कशाची?

कर्दळ

फिट्झ ली यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही. ते इथल्याच डिनविडी काउंटीचे. क्यूबाच्या किनाऱ्यावर गोळीबार चालू असताना जखमी साथीदारांना सोडवून आणलं आणि पुढच्याच वर्षी आजारपणात गेले. त्यांचं नाव एखाद्या तळाला आधीच मिळायला हवं होतं.

पण एक गंमत बघ. रॉबर्ट ई. ली याचा पुतण्या फिट्झह्यू ली. तोही कॉन्फेडरेट घोडदळाचा जनरल, पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर, आणि १८९८ चं युद्ध पेटलं त्याच्या आधी हवानात अमेरिकेचा कॉन्सल जनरल. लोक त्याला फिट्झ ली म्हणूनच ओळखत. म्हणजे फाटकावरची पाटी वाचणारा माणूस पूर्ण नाव वाचूनही त्याच घराण्यापाशी पोचू शकतो. ज्यांना खरोखर त्या शूर शिपायाचा गौरव करायचा आहे ते पाटीवर त्याचं नाव असं लिहितील का, की कुणाच्या डोळ्यांसमोर तो येणारच नाही?

तुळशीवृंदावन

+१ कर्दळ. शेवटचं वाक्य अगदी पटलं.

दख्खनी_तात्या

टेक्सासमधून. आमच्याकडे तर आडनावसुद्धा फार शोधावं लागलं नाही, हूड म्हणजे हूड. :)

गंभीरपणे लिहितो. किलीनच्या फोर्ट हूडला २०२३ मध्ये रिचर्ड कवाझोस यांचं नाव दिलं. हे किंग्जव्हिलच्या किंग रँचवर, गुरं राखणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबात जन्मले. कोरियात एक आणि व्हिएतनाममध्ये एक असे दोन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस. लॅटिनो समाजातून चार तारे मिळवणारे पहिले जनरल. दक्षिण टेक्सासमध्ये ज्यांच्या घरी आजोबा-नातू दोघं सैन्यात आहेत अशी घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत, आणि त्यांच्यातला एक माणूस एवढ्या मोठ्या तळाच्या फाटकावर होता.

शिवाय 'हूड' या नावावर अलीकडचंही ओझं आहे. २००९ चा गोळीबार, १३ मृत्यू. २०२० मध्ये तिथल्या सैनिक व्हनेसा गियेनचा खून, त्यानंतरची चौकशी, अधिकाऱ्यांच्या बडतर्फ्या. नाव बदललं तेव्हा अनेक सैनिक कुटुंबांना नवी सुरुवात झाल्यासारखं वाटलं होतं. जॉन बेल हूडशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांना त्या पाटीखालून जाताना धस्स व्हायचं ते थांबावं असं वाटत होतं.

हिशेबनीस

भावना ठीक आहेत. पैशाचं बोला. आयोगाने नऊ तळांचा खर्च साधारण २ कोटी १० लाख डॉलर धरला होता. सैन्यातल्या रस्ते, इमारती, जहाजं अशा सगळ्या नावांचा मिळून सुमारे ६ कोटी २५ लाख. आता उलटं करायला पुन्हा पाट्या, पुन्हा संकेतस्थळं, पुन्हा ओळखपत्रं, पुन्हा लेटरहेड. सैनिकांच्या खोल्यांमध्ये भिंतींना बुरशी आहे म्हणून बातम्या येतात आणि आपण पाट्या रंगवतोय. एकदा बदललं ते निदान तसंच ठेवायचं. दोन्ही बाजूंना हेच सांगेन.

माळढोक

आलो. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मला या वादात कायम खटकतं ते "मग वॉशिंग्टनचं काय, त्याच्याकडेही गुलाम होते" हे वाक्य. अजून इथे कुणी लिहिलेलं नाही, पण येईलच, म्हणून आधीच लिहितो. वॉशिंग्टनचं नाव आपण कशासाठी देतो? राष्ट्र उभं केलं म्हणून. गुलाम बाळगणं हा त्याच्या आयुष्यावरचा डाग आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. आता ब्रॅक्स्टन ब्रॅगचं नाव कशासाठी दिलं होतं? कॉन्फेडरसीचा सेनापती होता, एवढ्यासाठीच. ते वजा केलं तर मेक्सिकोच्या युद्धातला एक बरा तोफखान्याचा अधिकारी उरतो, ज्याच्या लुइझियानातल्या उसाच्या मळ्यावर शंभराहून जास्त गुलाम राबत होते. ज्या कृत्यासाठी गौरव आहे, तेच कृत्य गौरवायचं का, हा माझा निकष. माणूस निष्कलंक होता का, हा नाही. तो लावला तर कुणीच शिल्लक राहणार नाही.

दुसरं, हे सेनापती म्हणून तरी थोर होते का? ब्रॅगचं स्वतःच्याच अधिकाऱ्यांशी पटत नसे. चिकामागाची लढाई जिंकला आणि दोन महिन्यांत चॅटनूगाला असा हरला की सेनापतीपद सोडावं लागलं. पिकेटने १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात किन्स्टनला पकडलेल्या २२ युनियन (अमेरिकेच्या सरकारी बाजूच्या) सैनिकांना फासावर चढवलं. पोक हा बिशप, प्रार्थनेतला माणूस, युद्धातल्या चुकांसाठी जास्त प्रसिद्ध. आणि हूडने १८६४ च्या अखेरीस टेनेसीत आपलं सैन्य जवळजवळ संपवून टाकलं.

तो हरला कुणाकडून? जॉर्ज थॉमसकडून, नॅशव्हिलला. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटणारा माणूस हाच. थॉमस व्हर्जिनियाचा, लीसारखाच. लीसारखाच वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत शिकलेला. पण फुटायची वेळ आली तेव्हा त्याने घेतलेली शपथ पाळली आणि अमेरिकेच्या सैन्यात राहिला. घरच्यांनी संबंध तोडले. चिकामागाला सगळी फळी कोसळत असताना तो एकटा पाय रोवून उभा राहिला म्हणून युनियनचं सैन्य वाचलं. "लीने आपल्या राज्याशी इमान राखलं, त्या काळात तसंच होतं" असं म्हणणाऱ्यांनी थॉमसचं चरित्र वाचावं. त्या काळातही दुसरा रस्ता होता आणि त्याच राज्याच्या माणसाने तो धरला होता.

१९४२ मध्ये टेक्सासच्या तळाला नाव देताना हरलेल्या हूडचं दिलं, जिंकलेल्या थॉमसचं नाही. यातच सगळं आलं.

शिलेदार_७५

माळढोक, अभ्यास मान्य. पण तुम्ही ब्रॅक्स्टनशी भांडताय. तो गेला. आता रोलंड ब्रॅगबद्दल बोला. मेनचा माणूस. बल्जच्या लढाईत जर्मनांच्या हाती लागला, निसटला, जर्मनांचीच रुग्णवाहिका पळवली आणि जखमी साथीदाराला घेऊन वीस मैल हाकत बेल्जियममधल्या इस्पितळात पोचला. सिल्व्हर स्टार. पुढे घरी येऊन आयुष्यभर कष्ट केले. त्याला खोटा कसा म्हणायचा?

माळढोक

त्याला कुणीच खोटं म्हणत नाही. त्याचं कर्तृत्व शंभर टक्के खरं. पण त्याची निवड कशावरून झाली? पदकावरून झाली असती तर सिल्व्हर स्टार मिळालेले हजारो आहेत. आडनावावरून झाली. जून २०२५ मध्ये ट्रम्प फोर्ट ब्रॅगवर आले तेव्हा त्यांनी उरलेल्या सात नावांची घोषणा केली आणि रॉबर्ट ई. लीचं नाव घेऊनच केली. मग फिट्झ ली आला कुठून?

वाटाड्या

एक शंका. ए. पी. हिलचं काय केलं? तिथे तर आद्याक्षरंसुद्धा जुळवायची होती.

कर्दळ

@वाटाड्या, तीन माणसं घेतली. अँडरसन, पिन आणि हिल. मिळून ए. पी. हिल.

पण हे तिघं कोण ते ऐकल्यावर अंगावर काटा येतो. तिघंही यादवी युद्धातले युनियनचे सैनिक, तिघांनाही मेडल ऑफ ऑनर. रॉबर्ट पिन आणि ब्रूस अँडरसन कृष्णवर्णीय. पिन यांच्या तुकडीचे सगळे अधिकारी चॅफिन्स फार्मच्या लढाईत पडले तेव्हा या सार्जंटने कमान हातात घेऊन तुकडी पुढे नेली, इथे व्हर्जिनियातच, १८६४ मध्ये. समोर लीचं सैन्य होतं, ज्यात ए. पी. हिल होता. आणि हे नाव येण्याआधी त्या तळाला डॉ. मेरी वॉकर यांचं नाव होतं. यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक, मेडल ऑफ ऑनर मिळालेली आजवरची एकमेव स्त्री. एका पदकधारिणीला हटवून तीन पदकधारी आणले, ते चौथ्याच माणसाची आद्याक्षरं परत यावीत म्हणून.

देवगडचा_पक्या

इथे आमच्या गावाचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. अवांतर वाटलं तर सांगा.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचं, म्हणजे आपल्या सैन्याच्या ईस्टर्न कमांडच्या मुख्यालयाचं, नाव 'विजय दुर्ग' झालं. आमच्या विजयदुर्गावरून. आतल्या किचनर हाउसचं माणेकशॉ हाउस झालं, सेंट जॉर्जेस गेटचं शिवाजी गेट झालं.

मला याचा आनंद झाला त्याचं कारण नुसता अभिमान नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पाडाव केला. खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं. तिथून हाच क्लाइव्ह, हाच वॉटसन पुढे बंगालात गेले, जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, मग प्लासी झाली, आणि नव्या फोर्ट विल्यमचं बांधकाम १७५८ मध्ये क्लाइव्हनेच सुरू करवलं. आमचा किल्ला घेणाऱ्याने बांधलेल्या किल्ल्याला आज आमच्या किल्ल्याचं नाव. इथे कुणाला आडनाव शोधावं लागलं नाही.

शर्वरी_कोलकाता

पक्या दादा, मी लग्न होऊन सॉल्ट लेकला राहते, बंगाली सासर. तुमचा आनंद कळतो, मलाही बरं वाटलं. पण इथल्या घरात ही बातमी कशी ऐकली गेली ते सांगते.

माझ्या सासऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बर्गी पुन्हा आले का?" १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, म्हणजे इथल्या भाषेत बर्गी, बंगालात शिरत होत्या. गावं लुटली, माणसं पळाली. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये खंदक खणला, त्याचं नावच मराठा डिच. इथल्या अंगाईत अजून बर्गी येतात. शिवाजी महाराजांबद्दल इथे आदर आहे, स्वदेशीच्या काळात इथेही शिवाजी उत्सव झाले, पण 'मराठा' म्हटलं की त्या आदराच्या मागून दुसरी आठवणही येते.

मला म्हणायचंय ते इतकंच, की किचनर जायलाच हवा होता. पण फाटकाच्या बाहेर राहणाऱ्या लोकांना कुणी विचारलं? क्रांतिकारक बाघा जतीनचं नाव एका इमारतीला दिलं, ते इथे सगळ्यांना आवडलं, कारण तो इथला. तळाचं नाव देताना आजूबाजूच्या माणसांची आठवण कोणती आहे हे बघायला हवं.

देवगडचा_पक्या

शर्वरीताई, हे कडू आहे पण खरं आहे. आणि कडूच बोलायचं तर विजयदुर्ग पडला तेव्हा जमिनीच्या बाजूने वेढा पेशव्यांच्या फौजेचा होता. तुळाजीला बुडवायला आपणच इंग्रजांना हाक मारली होती. हे आमच्या गावात जाणत्या माणसांना ठाऊक आहे आणि ते अजून त्याबद्दल हळहळतात.

तरी माझ्या मते दोन प्रकार वेगळे. फोर्ट विल्यमचं नाव परक्या राज्यकर्त्याने दिलेलं. ब्रॅगचं नाव अमेरिकेने स्वतः दिलेलं, आपल्याच सैन्यावर तोफा चालवणाऱ्याचं. हे दुसरं मला जास्त अनाकलनीय वाटतं.

व्यवस्थापक

विजयदुर्ग आणि बर्गी यांवर दोघांनी स्वतंत्र धागे काढावेत, नक्की वाचले जातील. इथे मूळ विषयाकडे वळूया. नगर, औरंगाबाद आणि पोर्ट ब्लेअर यांवर आलेले चार प्रतिसाद वेगळे केले आहेत.

रानजाई

मूळ विषयावर: 'लिबर्टी' नावाबद्दल कुणी बोललंच नाही. नऊपैकी एवढं एकच नाव माणसाचं नव्हतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या माझ्या मैत्रिणीचा नवरा तिथल्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांच्या दलात, आहे. तो ब्रॅक्स्टनचा अजिबात चाहता नाही, पण त्याला 'लिबर्टी' कधीच आपलं वाटलं नाही. म्हणतो, आम्हाला माणूस द्यायला हवा होता. मला वाटतं, तिथे एखाद्या पॅराट्रूपरचं नाव दिलं असतं तर जुनं नाव परत आणणं इतकं सोपं गेलं नसतं.

देवराई

रानजाई, हे इथे खूप जणांकडून ऐकलं आहे. दुकानांतले, शाळेतले, चर्चमधले लोक 'ब्रॅग'च म्हणत राहिले, आणि त्यातले बरेच जण वंशभेदी मुळीच नाहीत. त्यांच्या वडिलांनी तिथे शिकून पुढे नॉर्मंडीत उडी मारली, त्यांची बाळंतपणं तिथल्या इस्पितळात झाली. शिलेदारदादांचा मुद्दा मला म्हणूनच मनापासून कळतो.

पण "हे बाहेरच्यांनी लादलं" असं जे म्हणतात त्यांना सांगायला हवं, की आयोगाचे उपाध्यक्ष टाय सीड्यूल व्हर्जिनियात वाढलेले, सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर जनरल आणि वेस्ट पॉइंटचे इतिहासाचे प्राध्यापक. लहानपणी लीलाच देव मानून मोठे झालेले. त्यांनीच पुढे उभं राहून सांगितलं की ही नावं जायला हवीत.

शिलेदार_७५

दोन दिवस विचार करून लिहितोय. बेनिंग हे नाव परत आलं याचा आनंद आहे, हे मी बदलत नाही. पण २०२३ मध्ये बेनिंगला जे नाव मिळालं होतं त्याबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो.

फोर्ट मूर. हॅल मूर आणि त्यांच्या पत्नी जुलिया मूर, दोघांचं मिळून. हॅल मूर यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात आपली पलटण लढवली. ती लढाई प्रत्येक पायदळ सैनिकाला शिकवतात. पण त्या आठवड्यांत बेनिंगच्या शेजारी, कोलंबस शहरात काय चाललं होतं? पडलेल्या सैनिकांच्या तारा टॅक्सीवाले घरोघर पोचवत होते. दार वाजायचं, बाई उघडायची, टॅक्सीवाला कागद हातात देऊन निघून जायचा. जुलियाबाई त्या घरांत जाऊ लागल्या, अंत्यविधींना उभ्या राहिल्या आणि सैन्याच्या मागे लागल्या. आज अमेरिकन सैनिक गेला की गणवेशातला अधिकारी आणि धर्मगुरू दारात येतात, ती पद्धत रुजण्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

माझ्या मित्राच्या आईकडे असेच दोघे आले होते. मी त्या वेळी तिथे होतो.

आता त्या फाटकावर जुलिया मूर यांचं नाव नाही. बेनिंग परत आल्याचा आनंद आणि हे दुःख, दोन्ही माझ्याकडे आहे. सैनिकाच्या बायकोचं नाव तळाला असावं ही गोष्ट इतकी मोठी होती, की ती हातची घालवायला नको होती.

तुळशीवृंदावन

शिलेदारदादा, वाचून डोळे भरून आले.

दख्खनी_तात्या

यादीत आणखी एक नाव जोडतो: मायकल नोवोसेल, अलाबामातल्या रकरचं बदललेलं नाव. हवाई दलाने वय झालं म्हटलं, तर हा माणूस राखीव दलातलं लेफ्टनंट कर्नलचं पद सोडून सैन्यात वॉरंट ऑफिसर म्हणून दाखल झाला, फक्त व्हिएतनाममध्ये जखमींना उचलणारं हेलिकॉप्टर चालवायला मिळावं म्हणून. साडेपाच हजारांहून जास्त जखमी बाहेर काढले. मुलगाही त्याच तुकडीत वैमानिक. मुलाचं हेलिकॉप्टर पडलं तेव्हा बापाने त्याला उचलून आणलं, आणि थोड्याच दिवसांत बाप अडकला तेव्हा मुलाने. हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या तळाला त्यांचं नाव होतं.

आणि हेन्री जॉन्सन, लुइझियानातल्या पोकचं बदललेलं नाव. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये २१ जखमा अंगावर घेऊन रात्रभर मोर्चा राखला. फ्रान्सने लगेच पदक दिलं. अमेरिकेने मेडल ऑफ ऑनर दिलं २०१५ मध्ये, ते जाऊन ८६ वर्षांनी. तळाला नाव मिळालं २०२३ मध्ये, गेलं २०२५ मध्ये.

हिशेबनीस

या प्रतिसादांनंतर पैशांचा मुद्दा मी बाजूला ठेवतो असं नाही, पण त्याच्यापुढे जाऊन विचारतो: करता काय येईल? नावं पुन्हा बदला असं म्हणण्यात अर्थ नाही. दर चार वर्षांनी पाट्या बदलत राहतील.

माळढोक

@हिशेबनीस, कायद्यात फट आहे तिथे बोट ठेवता येईल. मूळ कायद्याचा हेतू स्पष्ट होता. एका ओळीची दुरुस्ती पुरेल: त्या कायद्याने काढलेलं नाव, व्यक्ती कोणतीही असो, त्याच तळाला पुन्हा देता येणार नाही. ज्यांना रोलंड ब्रॅगचा गौरव करायचा आहे त्यांनी मेनमध्ये, त्याच्या राज्यात करावा. तिथे लोक त्याला ओळखतात.

शिलेदार_७५

या दुरुस्तीला माझा पाठिंबा नाही. तळाचं नाव सैनिकांना विचारून ठरवा, एवढंच कायद्यात घाला. सेवेत असलेले, निवृत्त झालेले आणि गेलेल्यांची कुटुंबं. माझी खात्री आहे की बेनिंगला 'मूर-बेनिंग' म्हणायलाही खूप हात वर होतील.

कर्दळ

दादा, कुटुंबांना विचारा हे मान्य. पण मग फाटकाबाहेरच्या गावालाही विचारा, शर्वरी म्हणाली तसं. पीटर्सबर्गची बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आहे. १९१७ मध्ये त्यांना विचारलं नव्हतं, २०२५ मध्येही नाही.

देवराई

मी आमच्या काँग्रेस प्रतिनिधीला पत्र लिहायला घेतलं आहे. तळाच्या नावाचं जे व्हायचं ते होईल, पण आतले रस्ते, शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांना कवाझोस, ग्रेग, ॲडम्स, वॉकर, नोवोसेल, जॉन्सन, बारफुट (पिकेटचं २०२३ मधलं नाव) आणि दोन्ही मूर यांची नावं द्यावीत, अशी मागणी करते आहे. माळढोक यांची दुरुस्ती आणि शिलेदारदादांची सूचना दोन्ही त्यात घालते, मतभेद आहेत हेही लिहिते. कच्चा मसुदा रविवारी इथे टाकेन. तारखा आणि हुद्दे तपासून द्या.

शिलेदार_७५

हुद्दे मी तपासतो. जुलियाबाईंचं नाव यादीत शेवटी ठेवू नका, वर घ्या.